टाकून दिलेला गोलकीपर

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तिदा मान्जांगचे सॅलडच्या पानांचे दोन वाफे भिजून झाले होते. बकाऊच्या बायकांच्या बागेत शनिवारी पंप सहाला सुरू होतो आणि पाण्याची पहिली पाळी विहिरीकडच्या वाफ्यांची असते. तिदा त्याआधीच येते आणि दोरीनं पाणी ओढून झाऱ्या भरून ठेवते. पंप म्हणजे जावई, असं तिचं म्हणणं. आला तर आला.

तो मार्चचा शनिवार होता. कुंपणापाशी एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून एक तरुण उतरला. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की आजूबाजूच्या बायकांनी झाऱ्या खाली ठेवल्या.

"सेमेस्टर आला गं," शेजारच्या वाफ्यातून साजो द्रामे म्हणाली. युरोपात वाढून गावी येणाऱ्यांना बकाऊत सेमेस्टर म्हणतात. "तिदा, तुझ्याकडेच येतोय. लग्नाचं विचारलं तर माझं नाव सांग."

"तुला बघून त्याच पावली विमानात बसेल."

तरुणानं रीतीप्रमाणे सगळी विचारपूस केली. घर बरं आहे का, घरचे बरे आहेत का, बाग बरी आहे का. शब्द बरोबर होते, फक्त प्रत्येक शब्द तो आधी मनात जुळवून घेत होता. मग त्यानं विचारलं, "फिली सान्नेहच्या आई तुम्हीच ना?"

"कोण, तो कचरा?" तिदा म्हणाली. "मला कुठलं मूलबाळ, बाबा! बाजारामागच्या उकिरड्यावर पडला होता, वाळल्या भोपळ्याचा फुटका तुंबा देऊन विकत घेतला. तुंबा तरी कामाचा होता. न्यायचाय का? टोपली मी देते, परत मात्र आणू नकोस."

सगळी बाग हसली. तरुणही हसला, पण गेला नाही. त्याचं नाव बुबा सान्यांग. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंचे कागद तो सांभाळायचा. फिलीची संघात निवड होणार होती, आणि त्याच्या कागदांवर दोन आया होत्या.

फिली बावीस वर्षांचा होता. बकाऊच्या क्लबाचा गोलकीपर, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. राष्ट्रीय संघाचे पहिले दोन गोलकीपर युरोपात खेळत. तिसरा गुडघा धरून बसला होता, म्हणून फिलीचं नाव पुढं आलं. पुढच्या शनिवारी मोरोक्कोत सामना होता. बरोबरी साधली तरी संघ मोठ्या स्पर्धेत पोचणार होता. कागदावर हा घरचा सामना होता.

घरचं मैदान बागेपासून पायी अंतरावर आहे. संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत गेला आणि शेवटच्या आठांत पोचला, त्या वर्षी या मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या टपांवर माणसं नाचली होती. पुढं ते मैदान आंतरराष्ट्रीय सामन्यांना लायक नाही असं ठरलं. तेव्हापासून घरचे सामने परक्या देशांत होऊ लागले. खेळाडू युरोपातून थेट तिकडं उतरतात, खेळतात, तिकडूनच परत जातात. बकाऊच्या पोरांना आपला संघ टीव्हीच्या हॉलमध्ये तिकीट काढून बघावा लागतो. इथून विमानात बसतात ते दोन-चार अधिकारी, मालिशवाला आणि एखादा फिलीसारखा.

मैदान चालू होतं तेव्हा उत्तरेकडच्या गोलामागचा कठडा कान्येलेंग बायकांचा असे. ज्यांना मूल होत नाही किंवा झालेलं जगत नाही, त्या बायका कान्येलेंग होतात. पुरुषांची विजार, फाटकी टोपी, गळ्यात डबे-बाटल्यांच्या माळा, आणि तोंडाला कुलूप नाही. पाण्याच्या टबात पालथा तुंबा घालून त्या वाजवतात, बारशाला आणि लग्नाला लोकांना हसवतात. मूल नेणाऱ्या मरणाला वाटलं पाहिजे की या वेडीकडून नेण्यासारखं काही नाही. तिदा आणि साजो एकाच जथ्यातल्या. साजोला मूल झालंच नाही. तिदाला चार झाली आणि चारही गेली. त्या चौघांची बारशी थाटात झाली होती. बोकड कापले होते, नावं आजोबा-पणजोबांची ठेवली होती.

पाचव्याच्या वेळी तिदा कान्येलेंग बायकांकडे गेली. त्यांनी तिला कात्चिकल्लीच्या मगरींच्या तळ्यावर आंघोळ घातली, आणि मूल झाल्यावर आठव्या दिवशी ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे साजो तिथून 'सहज' चालली होती. तिनं ते उचललं, ते तिचं झालं. मग तिदानं फुटका तुंबा देऊन ते तिच्याकडून घेतलं. नाव ठेवलं फिली. टाकून दिलेला.

अटी जुन्या बायकांनी घालून दिल्या होत्या. त्याला माझा म्हणायचं नाही. त्याचं कौतुक करायचं नाही. त्यानं तिदाला तिदा म्हणायचं आणि साजोला आई. त्याच्या स्वतःच्या पोराचं बारसं होईपर्यंत हे पाळायचं. घरातल्या सगळ्यांनी ते इतकं पाळलं, की लसीकरणाच्या वेळी क्लिनिकमधल्या नर्सनं "आई कोण?" विचारलं तेव्हा फिलीच्या बापानं सरळ साजोचं नाव सांगितलं. शाळेत मात्र मास्तरांनी स्वतःहून तिदाचं लिहिलं. बाप पुढं मासेमारीच्या बोटीवर आजारी पडून वारला. तो असता तर त्याच्या शब्दावर भागलं असतं.

फिली पंधरा वर्षांचा असताना तिदा एकदा चुकली. पावसाळ्यात वाड्यावस्त्यांची स्पर्धा होते, तिच्यात फिलीनं पेनल्टी अडवली आणि कठड्यावर तिदाच्या तोंडून निघून गेलं, "माझं लेकरू!" त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. तो डोक्यात गेला आणि पोरगं दोन आठवडे दवाखान्यात माणसं ओळखत नव्हतं. पावसाळ्यात बकाऊच्या निम्म्या घरांत ताप असतो हे तिदालाही माहीत होतं. पण त्या निम्म्या घरांतल्या पोरांची चार भावंडं आधीच पुरलेली नसतात, असं ती साजोला म्हणाली होती. त्यानंतर फिलीनं काहीही अडवलं तरी ती कठड्यावरून एकच ओरडायची, "अरे कचऱ्या, तुझ्यापेक्षा बांधलेली शेळी बरी!" आणि अख्खा कठडा तिच्यामागून ओरडायचा. फिलीला ते आवडायचं. पाठ न वळवता तो हात वर करायचा.

त्या शनिवारी चारच्या नमाजानंतर सगळे अल्कालोंच्या पडवीत जमले. अल्कालो म्हणजे वस्तीचा मुख्य. जन्माचा दाखला त्यांच्या शब्दावर निघतो. त्यांनी रेडिओ बंद केला, याचा अर्थ काम गंभीर होतं.

"तिदा," ते म्हणाले, "हा पोरगा कुणाचा ते मला माहितेय. बकाऊच्या शेळ्यांना माहितेय. पण या पाहुण्यांना माझी सही पुरत नाही. तुझा शब्द हवाय."

"मावशी," बुबा म्हणाला, "माझी आजी कान्येलेंग होती. मला सगळं कळतं. पण कागद तपासणारा माणूस बकाऊचा नसतो. त्याला एका कागदावर एक आई दिसते, दुसऱ्यावर दुसरी. समोरच्या संघानं तक्रार केली तर फिली एकटा बाद होत नाही, सगळा सामना जातो. मागं पोरांचा एक संघ असाच बाद होऊन घरी आलाय. तुम्ही अल्कालोंसमोर, कुराणावर हात ठेवून एवढंच म्हणा की हा माझ्या पोटचा आहे. मी फोनवर रेकॉर्ड करतो. झालं."

"त्यात काय एवढं," साजो म्हणाली. "क्लिनिकच्या कार्डावर माझं नाव आहे ना? मग मीच म्हणते, मी जन्म दिला. हवं तर कळा पण देऊन दाखवते."

"कुराणावर हात ठेवून?" अल्कालोंनी विचारलं.

साजोनं हाताकडे पाहिलं. "हात धुऊन ठेवला तर?"

"तरी नाही."

"मग राहू दे. एवढंच एक पाप करायचं बाकी होतं."

जरा हसणं झालं. फिली पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. तो सरावावरून तसाच आला होता, हातमोजे कमरेला खोचलेले.

"तिदा, एक वाक्य आहे," तो म्हणाला. "मला काही होत नाही. आणि मेलोच तर मी मरेन, तू नाही."

साजो झटकन बाजूला थुंकली आणि पायानं त्यावर वाळू लोटली. "गाढवा, ही काय बोलायची जागा आहे?"

बुबानं फोन धरला. तिदानं हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि हात ठेवला. बिस्मिल्ला म्हणाली. मग म्हणाली, "हा मुलगा." आणि थांबली. रस्त्यावरून ब्रेडवाल्याची सायकल घंटी वाजवत गेली. ती पार वळणापर्यंत गेली.

तिदानं पुस्तकावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"हा मला उकिरड्यावर सापडला," ती म्हणाली.

बावीस वर्षं हे वाक्य ऐकून लोक हसत आले होते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बुबानं आवाज चढवला नाही. त्याचं विमान सोमवारी होतं, नावं रविवारी संध्याकाळी कळवायची होती. तोपर्यंत मन बदललं तर फोन करा, असं तो म्हणाला आणि अल्कालोंकडे नंबर ठेवून गेला.

रविवारी दुपारी तिदा पुन्हा अल्कालोंच्या पडवीत आली. ते घरीच होते. फोन शेजारी ठेवून ते तिच्यासमोर बसले. तिदानं कांद्याच्या भावाचं विचारलं. त्यांच्या सुनेच्या पाठदुखीचं विचारलं. यंदा आंब्याला मोहर कमी आहे, असं दोघांचं एकमत झालं. सूर्य बुडाला, नमाजाची हाक आली, तशी ती "येते" म्हणून उठली. अल्कालोंनी तिला अडवलं नाही. त्यांच्या आईनंही दोन पोरं अशीच विकत घेतली होती, आणि त्यातले एक ते स्वतः होते.

सामन्याच्या दिवशी टीव्हीच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. फिली दाराशी उभा होता. आत गेला असता तर मागच्यांना दिसलं नसतं. संघानं विसाव्या मिनिटाला गोल केला आणि पाऊण तास तो एक गोल जपला. मग समोरच्यांचा एक झाला, आणि खेळ संपता संपता दुसरा. दोन-एक. बरोबरीसुद्धा हाती लागली नाही. गोलकीपरची चूक नव्हती. पहिल्या गोलकीपरनं पूर्ण सामना खेळला, दुसरा बाकावरून उठला नाही. तिसऱ्याची जागा रिकामी ठेवली होती. फिली गेला असता तर त्याला एक जर्सी मिळाली असती, सराव करताना युरोपातल्या कुठल्या क्लबाच्या माणसानं त्याला पाहिलं असतं किंवा पाहिलंही नसतं. हे तिदाला साजोनं दुसऱ्या दिवशी बागेत सांगितलं. समजूत घालायला म्हणूनच सांगितलं होतं.

"म्हणजे खेळवलं नसतंच," तिदा म्हणाली.

"नसतंच."

"मग बरं झालं."

"बरं नाही झालं, तिदा," साजो म्हणाली, आणि दोघींनी झाऱ्या उचलल्या.

फिली घरात भांडला नाही. भात वाढला की खायचा, तिदानं टोमणा मारला की हसायचा, पण हात वर करायचा नाही. पावसाळ्यात वस्तीकडून खेळला. बऱ्यापैकी खेळला. पावसाळा संपून समुद्र शांत झाला तसे त्याचे सोबती एकेक करून दिसेनासे होऊ लागले. कोण कुठं गेलं हे बकाऊत विचारत नाहीत. वाळूवरच्या रंगीत बोटींपैकी एखादी कमी झाली की कळतं.

निघताना आईचा आशीर्वाद घ्यायचा असतो. फिली पहाटे साजोच्या दारात गेला, गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "आई, येतो." साजोनं त्याच्या तळहातांवर दुआ फुंकली. तिदाला सांगू का, असं तिनं विचारलं. "उद्या सांग," तो म्हणाला.

तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिदानं झारी रिकामी होईपर्यंत पाणी घातलं.

"हातमोजे नेले?"

"नेले."

"तिकडं थंडी असते म्हणतात," तिदा म्हणाली. गोलकीपरचे हातमोजे थंडीसाठी नसतात हे तिला चांगलं माहीत होतं.

उत्तरेकडच्या नुआदिबू बंदरातून एकदा फोन आला, साजोच्याच मोबाइलवर. युरोपला नेणाऱ्या बोटीची वाट बघतोय, इथं बकाऊची बरीच पोरं आहेत, एक डोंगराएवढा गोलकीपर बघून तांडेल जादा भाडं मागतोय, असं म्हणून हसला. साजोनं मोबाइल तिदाच्या कानाला लावला. "अजून जिवंत आहेस का रे, कचऱ्या?" तिदा म्हणाली. "आहे," तो म्हणाला. नंतर तो नंबर लागला नाही.

जानेवारीत बातमी आली की नुआदिबूहून निघालेली एक बोट पलीकडे पोचली नाही. बोटीत कोण होतं याची यादी कुणाकडेच नसते. पण ज्या घरांना आपलं पोर त्याच बोटीत बसल्याचं कळलं होतं, त्या घरांनी महिनाभर थांबून गेलेल्यांसाठी दुआ पढवली, तांदळाच्या पिठाचे गोड लाडू वाटले. बकाऊत अशी तीन घरं होती. त्यांतल्या एका घरच्या पोरानं शेवटच्या फोनवर सांगितलं होतं की आपल्या बोटीत फिली आहे.

इमाम आधी साजोकडे गेले. ती म्हणाली, मी फक्त उचलला, पुढचं तिदाला विचारा. मग ते बागेत आले.

"तिदा, पोरासाठी दुआ मागायला हवी. लोक विचारतात. सदक्याचं दान आईच्या हातानं द्यायचं असतं."

"कुणाच्या पोरासाठी?"

"फिलीसाठी."

"मला पोर नाही, इमामसाहेब. उकिरड्यावर सापडलेल्या कचऱ्याची कोण दुआ मागतं? कचरा कुठं बुडतो का? तरंगत असतो, कुठंतरी लागतो."

इमाम म्हातारे होते आणि बकाऊचेच होते. त्यांनी वाद घातला नाही. जाताना साजोला एवढंच म्हणाले, "तिला भूक लागते का?" साजो म्हणाली, "लागते. आधीपेक्षा कमी."

आता पुन्हा मार्च आहे. मैदान अजून लायक ठरलेलं नाही. नव्या खुर्च्या आल्या, नवे दिवे आले, पण अजून काही काही राहिलंय म्हणतात. घरचा सामना पुन्हा मोरोक्कोत आहे आणि या वेळी नुसती बरोबरी पुरणार नाही. आज शुक्रवारी दुपारी इथून निघणाऱ्यांना निरोप द्यायला कान्येलेंग जथा विमानतळावर गेला होता. संघाच्या ऑफिसनं गाडी पाठवली होती. तिदानं विजार घातली, टोपी घातली, टब मांडला.

या वेळचा तिसरा गोलकीपर सेरेकुंदाचा आहे. एकोणीस वर्षांचा, सडपातळ. त्याची आई सगळ्यांच्या पुढं उभी होती. पोरगं दारातून आत जायला लागलं तशी ती दोन्ही हात वर करून ओरडली, "माझा मुलगा! माझा मुलगा चालला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या साजोनं तिदाकडे पाहिलं. तिदा तुंबा वाजवत होती. ठोका चुकला नव्हता.

बुबा सान्यांग तिथंच होता. त्यानं जवळ येऊन सलाम केला आणि विचारलं, "मावशी, फिलीची काही खबर?"

"मला फिली-बिली नाही, बाबा," तिदा म्हणाली. "तू जा. विमान चुकेल."

परत येताना गाडीत बायका गात होत्या. तिदाही गात होती. बाजाराच्या मागं उकिरड्यापाशी गाडी वळली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. तिथं आता नगरपालिकेनं लोखंडी कचरापेट्या ठेवल्या आहेत.

घरी पोचल्यावर तिनं टब धुऊन पालथा घातला आणि दोन्ही झाऱ्या दाराशी आणून ठेवल्या. उद्या शनिवार आहे. पंप सहाला सुरू होईल, आणि पाण्याची पहिली पाळी विहिरीकडच्या वाफ्यांची आहे.